ओलेग वेर्न्यायेव: तुम्ही सारखे विचारता ते सगळे प्रश्न एका जागी

जिम्नॅस्टिक्सबद्दल काहीही लिहिलं की त्याखाली वेर्न्यायेवचा विषय निघतोच, आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून हे पान. सोपे प्रश्न आधी, डोकं खाजवायला लावणारे नंतर. एखादं उत्तर दुसरीकडे आलेलं असेल तर तो नंबर दिलाय, तिकडे जाऊन वाचा.

१. हा वेर्न्यायेव नक्की कोण? एका दमात सांग.

युक्रेनचा जिम्नॅस्ट, जन्म २९ सप्टेंबर १९९३, गाव दोनेत्स्क, म्हणजे युक्रेनच्या पूर्वेचं कोळसा-पोलादवालं शहर. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकला पॅरलल बारवर गोल्ड आणि ऑल-अराउंडला सिल्व्हर. त्याआधी २०१४ ला चीनमधल्या नानिंगला पॅरलल बारचा वर्ल्ड चॅम्पियन, २०१५ आणि २०१७ ला युरोपचा ऑल-अराउंड चॅम्पियन. मग डोपिंगची बंदी, टोकियो हुकलं, परत आला, पॅरिसला खेळला. ऑल-अराउंडचं सिल्व्हर किती थोडक्यात गोल्ड व्हायचं राहिलं त्यावर लोक आजही भांडतात, ते सहाव्या प्रश्नात.

२. नाव ओलेग का ओलेह? आणि आडनाव कसं म्हणायचं?

दोन्ही बरोबर. युक्रेनियन भाषेत त्या अक्षराचा उच्चार 'ह' कडे जातो, रशियनमध्ये तेच अक्षर 'ग'. त्यामुळे युक्रेनचे लोक ओलेह म्हणतात आणि स्पर्धांच्या निकालात मात्र वर्षानुवर्षं ओलेग छापून येतं. मी निकाल वाचत मोठा झालो म्हणून ओलेग लिहितो, कोणी ओलेह लिहिलं तर दुरुस्त करायला जाऊ नका. आडनाव वेर-न्या-येव, तीन तुकड्यांत म्हटलं की जीभ अडकत नाही.

३. ऑल-अराउंड म्हणजे काय, आणि मुलांच्या जिम्नॅस्टिक्समध्ये असतं काय काय?

सहा गोष्टी: फ्लोअर, पॉमेल हॉर्स (वर दोन मुठी असलेला घोडा), रिंग, व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावरून उडी), पॅरलल बार आणि हॉरिझाँटल बार (एकच आडवी दांडी). सहाही एकाच माणसाने करायच्या आणि मार्कांची बेरीज करायची, ते ऑल-अराउंड. प्रत्येक साधनाची वेगळी फायनल पण असते, त्यात त्या एका साधनात आठ सर्वोत्तम असतील तेच. देशाची टीम फायनल वेगळी. रिबीन, चेंडू, हूप घेऊन करतात ते रिदमिक, त्याचा इथे संबंध नाही, दर महिन्याला कोणीतरी विचारतंच म्हणून सांगून ठेवलं.

४. पॅरलल बार म्हणजे आपल्या तालमीतला डबल बारच ना?

जात तीच, पण जनावर वेगळं. आपल्याकडे व्यायामशाळेच्या अंगणात जो लोखंडी डबल बार पुरलेला असतो तो हलत नाही, त्यावर डिप्स मारायचे आणि घरी जायचं. स्पर्धेतल्या दांड्या साडेतीन मीटर लांब, जमिनीपासून दोन मीटर उंच आणि लवचिक असतात, झोका घेतला की खाली वाकतात आणि परत वर फेकतात. दोन दांड्यांमधलं अंतर प्रत्येक जण आपल्या खांद्याच्या हिशोबाने कमी-जास्त करून घेतो. तुम्ही स्पर्धा बघता तेव्हा मधेच कोच येऊन मोजपट्टीसारखं काहीतरी लावून खुडबुड करतो ना, ते हेच चाललेलं असतं.

आणि हाताला लावतात ती नुसती पावडर नसते. मॅग्नेशियमची पांढरी पावडर असतेच, पण पॅरलल बारला कित्येक जण हातावर किंवा दांडीवर मध किंवा साखरेचं पाणी चोळतात आणि त्यावर पावडर दाबतात, वरून पाण्याचा फवारा. हात चिकटला पाहिजे पण अडकला नाही पाहिजे असा तो चिकट-कोरडा हिशोब असतो, प्रत्येकाचा वेगळा. मी शाळेत असताना नुसत्या खडूच्या भुकटीवर डबल बारला झोके घेतले होते आणि दोन्ही तळव्यांची सालटी निघाली, आठ दिवस वरणभात चमच्याने जेवलो. तेव्हापासून या लोकांचे हात टीव्हीवर दिसले की मी आधी तळवे बघतो.

५. मार्क कसे देतात? १६.१ म्हणजे कितीपैकी?

कितीपैकी असं काही नाही, आणि इथेच सगळे गोंधळतात. जुना 'परफेक्ट टेन' २००६ पासून गेला. आता दोन आकडे असतात. एक, तू काय काय अवघड केलंस त्याचे मार्क, हा आकडा वर वर जाऊ शकतो. दोन, ते किती स्वच्छ केलंस, हा १० पासून सुरू होतो आणि चुका कापत खाली येतो: बारीक चूक ०.१, मध्यम ०.३, मोठी ०.५, पडलास तर पूर्ण १. दोन्हींची बेरीज म्हणजे स्कोअर.

स्वच्छतेचे मार्क रिओच्या वेळी पाच जज द्यायचे, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा काढून टाकायचा, उरलेल्या तिघांची सरासरी. तिघांनी भागतात म्हणून स्कोअरच्या शेपटाला सारखं .०३३, .०६६, .५३३ असं दिसतं. हे लक्षात ठेवा, पुढच्याच प्रश्नात लागणार आहे.

६. रिओला ०.०९९ ने हरला म्हणतात, म्हणजे नक्की झालं काय?

बसा, हे जरा लांब आहे.

१० ऑगस्ट २०१६, आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजून गेलेले, मी लॅपटॉपचा आवाज बंद करून बघत होतो कारण घरचे झोपलेले. जपानचा कोहेई उचीमुरा २००९ पासून एकही मोठी ऑल-अराउंड हरलेला नव्हता, २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकचं गोल्ड त्याचंच. आणि क्वालिफिकेशनला पहिला आलेला वेर्न्यायेव. दोघं एकाच गटात, एकामागोमाग एक.

वेर्न्यायेवचे स्कोअर बघा: फ्लोअर १५.०३३, पॉमेल १५.५३३, रिंग १५.३००, व्हॉल्ट १५.५००, पॅरलल बार १६.१००. उचीमुराचे: १५.७६६, १४.९००, १४.७३३, १५.५६६, १५.६००. म्हणजे फ्लोअरला उचीमुरा पुढे, मग पॉमेल आणि रिंगला वेर्न्यायेवने तो खड्डा भरून वर माती टाकली, आणि पाच साधनं झाल्यावर वेर्न्यायेव ०.९०१ ने पुढे. या खेळात एवढी आघाडी म्हणजे समोरचा जवळजवळ पडायलाच पाहिजे.

राहिला हॉरिझाँटल बार. उचीमुरा आधी चढला, दांडी सोडून वर उडून परत पकडायच्या त्याच्या त्या उड्या, आणि शेवटी उतरला तो खिळा ठोकल्यासारखा. १५.८००. आता वेर्न्यायेवला १४.९ च्या आसपास पुरे होतं. त्याने बार केला, मोठी चूक नाही, पडला नाही, घसरला नाही, पण इकडे तिकडे थोडं थोडं सांडलं आणि उतरताना पाय जागेवर राहिले नाहीत. मग बराच वेळ स्कोअरच येईना. १४.८००.

बेरीज ९२.३६५ विरुद्ध ९२.२६६. फरक ०.०९९.

आता माझी आवडती गोष्ट. पाचव्या प्रश्नात म्हटलं तसं तिघांनी भागल्यावर जो आवर्ती दशांश येतो तो तीन घरांवर कापून टाकतात, .०६६६६ चं .०६६. ते कापलेलं सगळं परत जोडून बघा, वेर्न्यायेवचे ९२.२६६६… होतात आणि उचीमुराचे ९२.३६६६… म्हणजे खरा फरक बरोबर ०.१. नव्याण्णव हजारांश वगैरे विचित्र आकडा नाहीच तो, एक दशांश आहे, सगळ्यात छोट्या चुकीला कापतात तेवढा. सहा साधनं, दोन-अडीच तास, आणि फरक एका बारक्या पावलाचा. मी वहीवर ही बेरीज केली तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारली, कारण विचारलं तर पोट बिघडलंय सांगितलं.

७. मग जजेसनी उचीमुराला झुकतं माप दिलं असंच ना?

त्या रात्री हेच विचारणारे हजारो होते, आणि पत्रकार परिषदेत एकाने थेट उचीमुरालाच विचारलं की जजना तुझ्याबद्दल जास्त माया आहे असं वाटतं का. उत्तर वेर्न्यायेवने पण दिलं. स्कोअर बरोबर आहेत, हा प्रश्नच फालतू आहे अशा अर्थाचं तो बोलला, वर उचीमुराला आमच्या खेळातला मायकल फेल्प्स म्हणाला. बावीस वर्षांचा पोरगा, तासाभरापूर्वी ऑलिम्पिक गोल्ड बोटांतून निसटलेलं.

माझं मत विचाराल तर हॉरिझाँटल बारला १४.८ थोडे कडक होते असं मला तेव्हा वाटलं, आता नाही वाटत. परत परत बघितल्यावर दिसतं की दांडीवर हात उभा करून थांबायचं तिथे तो दोन-तीनदा उभ्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे आहे आणि हे ०.१, ०.३ करत करत जातं. उचीमुराचं उतरणं मात्र कोणत्याही जजला कापायला काही ठेवत नाही. भांडायचंच असेल तर पॉमेलला वेर्न्यायेवला जास्त मिळाले का यावर पण भांडा मग, ते कोणी भांडत नाही.

८. मग गोल्ड कसलं मिळालं?

सहा दिवसांनी, १६ ऑगस्टला, पॅरलल बारच्या फायनलला. १६.०४१. दुसरा अमेरिकेचा डॅनेल लेवा १५.९००, तिसरा रशियाचा डेव्हिड बेल्याव्स्की १५.७८३. रिओमधलं युक्रेनचं हे पहिलं गोल्ड, दुसरं कनोइंगला युरी चेबानने आणलं, बस, अख्ख्या देशाची दोनच. आपल्या लोकांना ही स्पर्धा आठवते ती दोन दिवस आधीच्या व्हॉल्टमुळे, त्याच हॉलमध्ये दीपा कर्माकर १५.०६६ करून चौथी आली आणि ब्राँझ ०.१५० ने गेलं. त्यामुळे दशांशांनी रडवणं काय असतं हे आपल्याला वेगळं समजवायची गरज नाही.

९. लंडनला पण याचं मेडल उचीमुरामुळेच गेलं म्हणतात, ते खरं का?

अर्धं खरं, आणि ती गोष्ट रिओपेक्षा जास्त चटका लावणारी आहे. २०१२, टीम फायनल, वेर्न्यायेव १८ वर्षांचा. शेवटचा माणूस संपला आणि बोर्डावर चीन, ब्रिटन, युक्रेन. युक्रेनला ब्राँझ! पोरं एकमेकांच्या गळ्यात. जपान चौथा, कारण शेवटी उचीमुराने पॉमेल हॉर्सवरून उतरताना गडबड केली आणि जजनी ते उतरणं धरलंच नाही, स्कोअर १३.४६६.

जपानने लगेच तक्रार लावली. नियमात ती सोय आहे, अवघडपणाच्या मार्कांवर दाद मागता येते. व्हिडिओ बघून उतरणं धरलं गेलं, ०.७ वाढले, १४.१६६. त्यासरशी जपान चौथ्यावरून दुसऱ्यावर, ब्रिटन सिल्व्हरवरून ब्राँझवर, आणि युक्रेन तिसऱ्यावरून चौथ्यावर. ब्रिटन २७१.७११, युक्रेन २७१.५२६.

तर 'उचीमुरामुळे' म्हणायचं तर म्हणा, पण त्याने ढापलं काही नाही, जे केलं होतं त्याचेच मार्क मिळाले. ब्रिटनच्या लोकांना निदान वेगळ्या रंगाचं का होईना मेडल राहिलं. युक्रेनच्या पाच जणांना काही मिनिटं गळ्यात असल्यासारखं वाटलेलं मेडल काढून घेतल्यासारखं झालं. त्यातल्या एकाने, इगोर रादिविलोवने, नंतर व्हॉल्टला ब्राँझ घेतलं. बाकीच्यांचं काय झालं ते अकराव्या प्रश्नात.

१०. युक्रेनमध्ये पॅरलल बारचं काही खास आहे का? सारखं तेच मेडल कसं?

चांगलं निरीक्षण आहे. वेगळा देश झाल्यापासून युक्रेनच्या पुरुषांनी याच साधनावर तीन ऑलिम्पिक गोल्ड घेतलीत: १९९६ अटलांटाला रुस्तम शारिपोव, २००४ अथेन्सला वालेरी गोंचारोव आणि २०१६ ला हा. २०२४ ला पॅरिसमध्ये इलिया कोवतूनने सिल्व्हर. हे योगायोगाने होत नाही. एकाच परंपरेतले कोच असले की हाताची पकड, खांद्याची ठेवण, झोक्याची लय एका पिढीकडून दुसरीकडे जाते, आपल्याकडे मल्लखांबाच्या एखाद्या आखाड्यातली पोरं लांबूनसुद्धा ओळखू येतात ना, तसंच.

आणि मागे गेलात तर व्हिक्टर चुकारिन भेटतो. दोनेत्स्कच्याच पट्ट्यातला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या हाती लागला, बुखेनवाल्डसकट छावण्यांमधून जिवंत परत आला तो हाडांचा सापळा होऊन, आणि १९५२ ला हेलसिंकीत तिशी ओलांडल्यावर ऑल-अराउंडचं गोल्ड, १९५६ ला मेलबर्नला परत तेच, वर पॅरलल बारचं पण. तेव्हा झेंडा सोव्हिएत होता म्हणून त्या यादीत धरला नाही. १९९६ ची ऑल-अराउंड चॅम्पियन लिलिया पोडकोपायेवा पण दोनेत्स्कचीच, मुलींच्या बाजूची.

यातला ज्याच्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं जातं तो ओलेक्सांद्र बेरेश. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकला ऑल-अराउंडचं ब्राँझ आणि टीमबरोबर सिल्व्हर, आणि २००४ च्या फेब्रुवारीत गाडीच्या अपघातात गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोंचारोवने गोल्ड घेतलं.

११. दोनेत्स्क तर २०१४ पासून रशियाच्या बाजूच्या लोकांच्या ताब्यात आहे, मग हा रशियाकडून का नाही खेळला?

कारण तो युक्रेनचा आहे, एवढंच उत्तर खरं तर पुरे. पण प्रश्न मूर्खासारखा नाही, कारण काही जण दुसऱ्या देशांकडे गेले. लंडनच्या टीममधला निकोलाय कुक्सेन्कोव, जो तिथे ऑल-अराउंडला चौथा आला होता, तो रशियाकडे गेला आणि रिओला रशियाच्या टीमबरोबर सिल्व्हर घेऊन उभा राहिला. त्याच टीममधला ओलेग स्तेपको अझरबैजानकडे गेला. सुविधा, पगार, घर, सगळाच फरक पडतो, मी कोणाला नावं ठेवणार नाही, शेवटी ३० व्या वर्षी शरीर संपतं आणि पुढे पेन्शन कोण देणार.

वेर्न्यायेव राहिला. आता वर्ष बघा: २०१४ ला त्याच्या गावात लढाई पेटली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो नानिंगला वर्ल्ड चॅम्पियन झाला. नॅशनल टीमचा सराव कीवजवळ कोंचा-झास्पाला चालायचा, कोच गेन्नादी सार्तीन्स्की. गाव मागे राहिलं.

एक गमतीशीर क्षण सांगतो. २०१५ ला ग्लासगोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला पॅरलल बारची फायनल: गोल्ड चीनचा यू हाओ, सिल्व्हर वेर्न्यायेव, ब्राँझ चीनचा देंग शुदी आणि स्तेपको दोघांत. म्हणजे लंडनला खांद्याला खांदा लावून मेडल गमावलेले दोन ओलेग, आता दोन वेगळ्या झेंड्यांखाली एकाच पोडियमवर.

१२. एवढा भारी होता तर वर्ल्ड चॅम्पियन एकदाच कसा?

मधे झोऊ जिंगयुआन नावाचा माणूस आला म्हणून. २०१७ माँट्रियल, झोऊ गोल्ड, वेर्न्यायेव सिल्व्हर. २०१८ दोहा, झोऊ १६.४३३, वेर्न्यायेव १५.५९१, परत सिल्व्हर. झोऊचा पॅरलल बार बघाल तर कळेल, पाय जोडलेले ते शेवटपर्यंत जोडलेले, रेषा फुटपट्टीने मारल्यासारख्या. त्याच्यासमोर १५.८ करून सुद्धा दुसरं यावं लागतं.

ऑल-अराउंडला २०१४ आणि २०१५ ला मेडलशिवाय परत, मग २०१९ ला स्टुटगार्टला ब्राँझ, रशियाच्या नागोर्नी आणि दालालोयानच्या मागे. खरं सांगू का, हे ब्राँझ मला त्याच्या सगळ्यात कष्टाच्या मेडलांपैकी वाटतं. सहा साधनं ओढून नेणं हे विशीच्या सुरुवातीचं काम.

१३. युरोपचा ऑल-अराउंड चॅम्पियन २०१५ आणि २०१७. मग २०१६ ला फॉर्मात असताना का नाही?

कारण त्या वर्षी ती स्पर्धाच नव्हती. तेव्हा युरोपियन चॅम्पियनशिपचा नियम असा होता की विषम वर्षी वैयक्तिक, सम वर्षी टीमची, आणि टीमच्या वर्षी साधनांच्या फायनल असायच्या पण वैयक्तिक ऑल-अराउंड नाही. म्हणून २०१५ माँपेल्ये आणि २०१७ क्लुज-नापोका, मधे काही हुकलेलं नाही. २०१५ ला बाकूच्या युरोपियन गेम्सचं ऑल-अराउंड गोल्ड वेगळं, ती चॅम्पियनशिप नव्हे, लोक दोन्ही एकत्र करून मोजतात आणि मग आकडे जुळत नाहीत म्हणून मला विचारतात.

१४. डोपिंगचं काय? खरंच घेत होता का?

इथे मी चाहता आहे हे बाजूला ठेवून लिहितो. २०२० साली त्याच्या सँपलमध्ये मेल्डोनियम सापडलं. ५ नोव्हेंबर २०२० पासून तात्पुरती बंदी, २०२१ च्या जुलैमध्ये चार वर्षांची बंदी जाहीर, म्हणजे टोकियोच्या अगदी तोंडावर. मेल्डोनियम हे लाटवियात शोधलेलं हृदयाचं औषध, रशिया-युक्रेनकडच्या भागात मेडिकलच्या दुकानात मिळतं, १ जानेवारी २०१६ पासून खेळात बंद. शारापोवा ज्यात अडकली तेच.

वेर्न्यायेवने मुद्दाम घेतलं नाही असंच सांगितलं आणि वर दाद मागितली. पुढचं सोळाव्यात. 'तिकडे सगळेच घेतात' आणि 'बिचाऱ्याला अडकवलं', ही दोन्ही वाक्यं मला पाठवू नका, दोन्ही सारखीच आळशी आहेत. सँपलमध्ये औषध होतं. खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला तोच जबाबदार, हा नियम सगळ्यांना सारखा.

१५. मग रिओची मेडलं काढून घेतली का?

नाही. सँपल २०२० चं, शिक्षा तिथून पुढची. २०१६ चं गोल्ड आणि सिल्व्हर त्याच्याच नावावर आहे.

१६. चार वर्षांची बंदी दोन कशी झाली? निर्दोष ठरला का मग?

निर्दोष नाही. लोझानच्या क्रीडा लवादाने मार्च २०२३ मध्ये शिक्षा अर्धी केली. डोपिंगच्या नियमात अशा औषधाला सुरुवात चार वर्षांपासून होते, आणि मुद्दाम घेतलं नाही हे खेळाडूने पटवून दिलं तर दोनवर येते. म्हणजे चूक कायम, हेतू वेगळा.

आणि यातली मेख बघा: दोन वर्षं ५ नोव्हेंबर २०२० पासून मोजली तर ती नोव्हेंबर २०२२ मध्येच संपलेली. निकाल आला मार्चमध्ये. म्हणजे निकालाच्या दिवशी शिक्षा भोगून चार महिने उलटून गेले होते आणि हा माणूस घरीच. ते चार महिने कोणी परत देत नाही.

१७. टोकियोला युक्रेनची टीम होती ना? मग हा का नव्हता?

वरचे दोन-तीन प्रश्न वाचा, बंदी होती. टीम होती आणि फायनलला पण पोचली, याच्याशिवाय. त्याआधी डिसेंबर २०२० ला तुर्कस्तानात मर्सिनला युक्रेनच्या पोरांनी युरोपियन टीम गोल्ड घेतलं तेही याच्याशिवाय. कोरोनामुळे बरेच मोठे देश आलेच नव्हते हे खरं, पण गोल्ड ते गोल्ड.

१८. रशियाच्या एकाने छातीवर 'झेड' लावून पोडियमवर उभं राहून दाखवलं होतं, तेव्हा शेजारी वेर्न्यायेवच होता ना?

नाही, तो इलिया कोवतून. मार्च २०२२, दोहाचा वर्ल्ड कप, पॅरलल बार, कोवतून पहिला आणि तिसरा आलेला रशियाचा इवान कुलियाक छातीवर ते अक्षर, म्हणजे युक्रेनवरच्या रशियाच्या युद्धाला पाठिंब्याची खूण, चिकटवून उभा. त्याला वर्षभराची बंदी झाली. वेर्न्यायेव त्या वेळी स्वतःच बंदीत होता, पोडियमवर असणं शक्यच नव्हतं. दोघंही तेव्हा युक्रेनचे, दोघांचं साधन तेच, म्हणून गल्लत होते. फोटो फॉरवर्ड करण्याआधी चेहरा बघत जा राव.

१९. परत आल्यावर काही केलं का, का नुसता नावाला?

२०२४ ला रिमिनीला युक्रेनने युरोपियन टीम गोल्ड घेतलं तेव्हा हा टीममध्ये होता. मग पॅरिस, टीमला पाचवा नंबर, याला वैयक्तिक मेडल नाही. तीस वर्षांचा, मधे अडीच वर्षं स्पर्धा नाही, घरी युद्ध, आणि शेजारी कोवतून पॅरलल बारचं सिल्व्हर घेतोय. मी त्या दिवशी स्कोअर बघायचंच सोडलं होतं, नुसतं बघत बसलो. लंडनच्या पाचातले रादिविलोव आणि हा, दोघंच युक्रेनच्या जर्सीत उरलेले.

२०. पॅरलल बारला 'भावसार' नावाची मूव्ह असते म्हणे, ती कोणा मराठी माणसाची?

मराठी नाही, अमेरिकन. राज भावसार, ह्यूस्टनचा, आईवडील भारतीय. २००८ ला बीजिंगला जायचं ठरलं ते पॉल हॅम जखमी झाला म्हणून ऐनवेळी, आणि टीम ब्राँझ घेऊन आला. मूव्ह म्हणजे दांड्यांखाली लोंबकळत मोठा झोका घ्यायचा, हात सोडून पाय फाकवत मागे जायचं आणि परत दांड्या पकडायच्या. नियम-पुस्तकात नाव कायमचं छापलंय. तुमच्या गल्लीतल्या भावसारांना सांगा, खूश होतील.

२१. एकच व्हिडिओ बघायचा तर कुठला?

सगळे रिओची पॅरलल बार फायनल सांगतील. मी सांगेन ऑल-अराउंडचा शेवटचा हॉरिझाँटल बार, आणि तो संपल्यावर बंद करू नका. स्कोअर यायला वेळ लागतो तेवढा वेळ कॅमेरा त्याच्यावर आहे. मग आकडा येतो, आणि पुढे काय करतो ते बघा.